दैव, देह आणि दोष

बुलढाण्याहून मराठवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याची हद्द संपण्याच्या सुमारास, धाड हें आमचें मूळ गांव लागतें. नोकरीमुळें आमचें वास्तव्य गेलीं पुष्कळ वर्षें अन्यत्र असलें, तरी चुलत्यांचें घर तेथेंच आहे आणि वर्षांतून दोन वेळां तरी तेथें जाऊन राहण्याचा आमचा परिपाठ आहे. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत घरच्याच एका लहानशा लग्नासाठीं आम्ही तेथें गेलों होतों. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ. लग्न आटोपून चार दिवस झाले नाहींत तोंच आम्ही व आमचा धाकटा चुलतभाऊ असे दोघेहि तापानें आडवे झालों. एकाच पंक्तीस जेवलेलों, एकाच माळवदावर निजलेलों. आजार एकच, दिवसहि तेच. आम्हांस अंगदुखी, थोडा ताप आणि तोंडाची चव जाणें यापलीकडे कांहीं झालें नाहीं. पांचव्या दिवशीं आम्ही ओसरीवर बसून चहा घेत होतों. त्यास मात्र सहाव्या दिवशीं धाप लागली. त्या दिवसांत इस्पितळांत खाट मिळविणें म्हणजे काय होतें हें वाचकांस सांगावयास नकोच. तीन ठिकाणीं हिंडल्यावर चौथ्या ठिकाणीं जागा मिळाली, आणि अकराव्या दिवशीं तो गेला. वय एकेचाळीस. सोयाबीनचें भरलें पोतें एका हिसक्यासरशी पाठीवर घेणारा तो गडी. आणि आम्ही पन्नाशी उलटलेले, खडू व पुस्तकें यांपेक्षां जड असें आयुष्यांत कांहीं न उचललेले प्राध्यापक.

त्याच्या तेराव्यास आम्ही जें बोललों तें लिहितांना आज संकोच होतो. जमलेल्या मंडळींत आम्हीं असें प्रतिपादन केलें कीं, त्यानें दुखणें अंगावर काढलें, बाजारांत तोंडाला फडकें न बांधतां हिंडला, वेळीच डॉक्टरांस दाखविलें असतें तर ही वेळ आली नसती. एवढ्यावर न थांबतां, आपण स्वतः पहांटे उठून फिरावयास जातों, मिताहारी आहों, म्हणूनच या दुखण्यांतून सुखरूप सुटलों, असेंहि सुचविलें. चारचौघांनीं मान डोलाविली. शिकलेल्या माणसाचें बोलणें म्हणून त्यास वजनहि आलें. मधल्या दारांत आमची काकू, म्हणजे त्याची आई, बसली होती. ती म्हणाली, “एका ताटात जेवले ना रे तुमी दोघं? मंग त्यालाच कसं नेलं?”

या प्रश्नास त्या दिवशीं आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. तें उत्तर नव्हतें. पुढें या विषयावर जें वाचावयास मिळालें, त्यावरून असें दिसूं लागलें कीं, काकूनें विचारलेला प्रश्न हाच गेल्या चार-पांच वर्षांत जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांनीं विचारलेला प्रश्न होता, आणि आमचें भाषण हें मात्र केवळ भाषण होतें.

एक माणूस आजारानें मरतो व दुसरा त्याच आजारांतून हंसत उठतो, याचीं गांवांत दोन कारणें सांगतात. कोणी म्हणतो देवाची मर्जी. कोणी म्हणतो त्याचा निष्काळजीपणा. शिकलेला मनुष्य पहिल्या कारणास हंसतो व दुसरें स्वीकारतो, आणि आपण अंधश्रद्धेच्या पलीकडे गेलों असें मानतो. आमच्या मतें या दुसऱ्या कारणांतहि श्रद्धाच आहे, आणि ती अधिक सोयीची आहे. मेलेल्याची चूक होती असें ठरलें म्हणजे चूक न करणारे आपण सुरक्षित आहों असें ठरतें. सॅम्युएल बटलर या इंग्रज लेखकानें १८७२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘एरव्हॉन’ या ग्रंथांत एक कल्पित देश रंगविला आहे. त्या देशांत आजारी पडणें हा गुन्हा असून क्षयाच्या रोग्यावर न्यायासनापुढें खटला चालतो. देह दुबळा असणें हें त्याचें दुर्दैव असेल, पण दुर्दैवी असणें हाच त्याचा गुन्हा, असा न्यायाधीशाच्या बोलण्याचा रोख आहे. बी. ए. च्या वर्गांत आम्ही तो भाग विनोद म्हणून शिकवीत आलों. धाडच्या ओसरीवर आम्ही त्याच न्यायासनावर बसलों होतों, हें मात्र लक्षांत यावयास वेळ लागला.

आतां शास्त्राकडे वळूं. रोगाची तीव्रता रक्तांतून उतरते कीं घरांतून, हें ओळखणें कठीण असतें, कारण बहुतेकांस रक्त व घर एकाच ठिकाणाहून मिळतें. ज्यांस तीं दोन ठिकाणांहून मिळालीं अशीं माणसें म्हणजे दत्तक मुलें. डेन्मार्कमध्यें १९२४ ते १९२६ या काळांत जन्मलेल्या व लहानपणींच दत्तक गेलेल्या ९६० मुलांच्या कुटुंबांची पाहणी करून तेथील संशोधकांनीं १९८८ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याचे जन्मदाते आई किंवा बाप पन्नाशीच्या आंत कोणत्याहि संसर्गानें वारले, त्या मुलासहि संसर्गानें मरण येण्याचा संभव इतरांच्या सुमारें पांचपट-सहापट आढळला. दत्तक घेणारे आईबाप तसे वारले असले तर मात्र असा स्पष्ट संबंध दिसला नाहीं. ज्या घरांत वाढला त्या घराहून ज्या घरीं कधीं पाऊलहि ठेवलें नाहीं त्याचा ठसा देहावर अधिक उमटावा, ही गोष्ट विचारांत टाकणारी आहे. कर्करोगाच्या बाबतींत याच पाहणींत उलट प्रकार दिसला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कारण कर्करोग कुळांतून येतो आणि साथीचा रोग हवेंतून, अशीच आपणां सर्वांची समजूत असते.

देहांत हा ठसा कोठें असतो? विषाणु एखाद्या पेशींत शिरला म्हणजे ती पेशी मरण्यापूर्वीं शेजारच्या पेशींस सावध करते. गांवांत चोर शिरल्यावर पहिल्या घरानें आरोळी ठोकावी तसेंच हें आहे. ही आरोळी ज्या द्रव्याच्या रूपानें बाहेर पडते त्यास इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ मध्यें लंडन येथें त्याचा शोध लागला. आरोळी ठोकणें, ती ऐकूं येणें, आणि ऐकून दारें लावणें या प्रत्येक कामासाठीं निरनिराळीं जनुकें आहेत, आणि त्यांतील एखाद्यांत जन्मतःच दोष असूं शकतो. असा मनुष्य एरवीं अगदीं धडधाकट असतो. त्याच्या अंगांतली उणीव एका विशिष्ट शत्रूची गांठ पडेपर्यंत त्यास किंवा कोणासहि कळत नाहीं. पॅरिस व न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं २०२० मध्यें कोरोनानें अत्यवस्थ झालेल्या ६५९ रोग्यांचीं जनुकें तपासलीं, तेव्हां २३ जणांत या आरोळीच्या यंत्रणेंतच जन्मजात बिघाड सांपडला. आणखी शंभरांत सुमारें दहा अत्यवस्थ रोगी असे निघाले कीं, त्यांच्या देहानें आपल्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडें आधींपासून तयार करून ठेवलीं होतीं. पोतें उचलण्याचें बळ व ही आरोळी यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. “असा दांडगा माणूस कसा गेला!” हें आश्चर्य प्रत्येक गांवांत त्या वर्षीं व्यक्त झालें, त्याच्या मुळाशीं दंड व छाती यांवरून आरोग्य मोजण्याची आपली संवय आहे.

हे बिघाड विरळा. सर्वसामान्य माणसांत जो भेद असतो तो बारीक, आणि त्याचा उगम कधीं कधीं फार दूरचा. लाइप्झिग येथील स्वांटे पेबो यांनीं (यांस २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें) आपल्या एका सहकाऱ्यासह २०२० मध्यें दाखवून दिलें कीं, तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारें ५०,००० अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्या देहांत आहे, त्यांस कोरोनानें इस्पितळांत जाण्याची पाळी येण्याचा संभव दीडपटीहून थोडा अधिक असतो, आणि हा तुकडा आपणांस निएंडरथल नांवाच्या नामशेष मानवजातीपासून मिळालेला आहे. कांहीं अयुतें वर्षांपूर्वीं दोन मानवजातींचा संकर झाला, त्याची ही शिल्लक. दक्षिण आशियांत सुमारें निम्म्या लोकांत ती आहे. यूरोपांत शंभरांत सोळांत. आफ्रिकेंत जवळ जवळ नाहींच. कुळशील व रक्तशुद्धि यांच्या गप्पा मारणाऱ्या आम्हां लोकांच्या वंशावळींत असा एक पाहुणा निघावा, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाहीं. पुढें त्याच संशोधकांस असेंहि आढळलें कीं, त्याच मानवजातीकडून आलेला बाराव्या गुणसूत्रावरील दुसरा एक तुकडा कोरोनापासून थोडें रक्षण करतो. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरील तो ‘वाईट’ तुकडा एड्सच्या विषाणूचा संसर्ग होण्याचा संभव सुमारें चतुर्थांशानें कमी करतो. मग तो तुकडा चांगला कीं वाईट?

हा प्रश्न आपल्या प्रांतांतहि पूर्वींच उपस्थित झालेला आहे, फक्त तो त्या वेळीं या स्वरूपांत कोणास दिसला नाहीं. डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ मध्यें मुंबईस एक अपूर्व रक्तगट शोधून काढला. त्यास जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा नसते, त्यामुळें ओ गटाचें रक्तसुद्धां त्यांस चालत नाहीं. रक्त देण्याची वेळ आली म्हणजे नातेवाइकांची जी धांवपळ होते ती वर्तमानपत्रांतून आपण वाचतों. परंतु त्यांच्या आंतड्याच्या अस्तरावरहि ती शर्करा नसते, आणि वांति-जुलाबाच्या नोरोव्हायरस नांवाच्या विषाणूचे कित्येक प्रकार तिलाच चिकटून देहांत शिरतात. म्हणजे एका प्रसंगीं जी उणीव जिवावर बेतते, तीच दुसऱ्या प्रसंगीं घराच्या दारास कडी लावते. ज्यास पुण्याईचें फळ म्हणावें किंवा पापाचें, असें यांत कांहीं आढळत नाहीं.

येथवर वाचून एखादा चतुर वाचक म्हणेल कीं, तर मग सर्व दैवाधीनच ठरलें. इस्पितळें कशाला, लस कशाला? हा आक्षेप आम्ही गंभीर मानतों, कारण याच युक्तिवादानें मोठमोठे अपराध झांकतां येतात. त्यासाठीं शंभर वर्षें मागें जावें लागेल. १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्लुएंझा मुंबईस उतरला आणि पावसाळा सरतां सरतां दुसऱ्या, अधिक भयंकर रूपानें देशभर पसरला. हिंदुस्थानांत एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसें मेलीं. आमचा बुलढाणा जिल्हा त्या वेळीं ज्यांत मोडत होता तो मध्यप्रांत व वऱ्हाड हा मुलूख सर्वांत अधिक पोळलेल्यांपैकीं होता. त्याच वर्षीं पाऊसहि दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालें होतें. आमच्या आजीच्या तोंडीं त्या वर्षाचें नांव ‘मानमोडीचें साल’ असें होतें. मुंबई शहरांत त्या वेळीं जातिधर्मवार मृत्यूंची मोजणी झाली, तिचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. यूरोपियनांत दर हजारीं ८.३ मेले, पारशांत ९, स्पृश्य हिंदूंत १८.९, आणि ज्यांस त्या वेळचे सरकारी कागद खालच्या जातीचे हिंदु म्हणत त्यांत ६१.६.

समजा, त्या वर्षीं जनुकांची विद्या आजच्याइतकी पुढें गेलेली असती. आमची खात्री आहे कीं, हे आंकडे पाहून कोणी तरी विद्वान् उभा राहिला असता आणि त्यानें सांगितलें असतें कीं, या लोकांचें रक्तच दुबळें आहे. त्यास कागदोपत्रीं खोडून काढणें सोपें गेलें नसतें. आणि तरी तें खोटें ठरलें असतें; कारण इतका सातपटींचा फरक करणारे कारण जनुकांत नव्हतें, तें दहा बाय दहाच्या खोलींत होतें, रिकाम्या डब्यांत होतें, आणि पाणी पाजावयास कोणी उठूं शकत नव्हतें यांत होतें. ज्या घरांत सगळींच एकदम अंथरुणास खिळलीं तेथें पेज कोण करणार? त्या साथींत शुश्रूषा हेंच औषध होतें आणि तें विकत घेण्याची ऐपत ज्यास होती तो वांचला. म्हणून आम्ही म्हणतों कीं, व्यक्तीच्या देहांतील भेद खरा आहे, पण त्यावरून समाजासमाजांतील मृत्यूंचा हिशेब मांडूं पाहणाऱ्यापासून सावध राहावें. २०२० मध्यें तर आपल्याकडे उलटी बढाई ऐकूं येत होती: आमचें रक्तच कणखर, आम्ही हळदीचें दूध पिणारे, हा रोग आम्हांस शिवणार नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्यें ती बढाई कोठें गेली हें कोणीं विचारलें नाहीं.

महाभारताच्या अनुशासनपर्वांत युधिष्ठिर भीष्मांस विचारतो कीं, दैव श्रेष्ठ कीं पुरुषकार? भीष्म जो जुना संवाद सांगतात त्यांत दैवास बीज म्हटलें आहे आणि पुरुषकारास शेत. दोहोंच्या योगानेंच पीक येतें. शेतकऱ्यांच्या गांवांत जन्मलेल्या माणसास ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाहीं. बियाणें अस्सल असून पेरा वायां गेलेला आम्हीं पाहिला आहे, आणि हलकें बियाणें काळ्या जमिनींत तरारलेलेंहि. टिळकांनीं गीतारहस्यांत कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणांत केला आहे, तो उगीच नव्हे. जनुकशास्त्राची वाटचालहि तिकडेच झालेली दिसते. ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतील रोग्यांचीं जनुकें तपासून एडिंबरो येथील डॉक्टरांनीं २०२० च्या अखेरीस जे भेद शोधले, त्यांतील एकानें असें सुचविलें कीं, फुफ्फुसांतील दाह वाढविणारा एक विशिष्ट मार्ग अडविला तर उपयोग होईल. तो मार्ग अडविणारें औषध संधिवातासाठीं आधींच बाजारांत होतें. २०२२ मध्यें तेथील मोठ्या परीक्षणांत तें दिलेल्यांत शंभरीं बारा मेले, न दिलेल्यांत चौदा. दोनाचाच फरक; परंतु ते दोघे कोणाचे तरी होते. बीज ओळखल्यामुळें शेतांत काय करावें तें कळलें, असा हा प्रकार आहे.

आतां पुन्हां धाडकडे. एवढें वाचल्यावर आमच्या चुलतभावास जनुकांनीं मारलें असें म्हणून मोकळें होण्याचा मोह आम्हांस झाला. तोहि मोहच होता. चुलतभाऊ म्हणजे एकाच आजा-आजीचीं नातवंडें; आमच्या वंशद्रव्याचा सरासरी आठवा हिस्साच काय तो सामाईक. तेव्हां बाकीच्या सात हिश्श्यांत फरकास पुष्कळ जागा आहे. पण त्या एप्रिलची दुसरी एक गोष्ट आम्हीं तेराव्यास कोणास सांगितली नव्हती, आणि खरें म्हणजे आठवलीहि नव्हती. एक एप्रिलपासून सरकारनें पंचेचाळिसाच्या वरील सर्वांस लस खुली केली. आम्हीं ती पहिल्याच आठवड्यांत टोंचून घेतली होती. त्याचें वय एकेचाळीस, म्हणून त्यास ती मिळण्यासारखीच नव्हती. एक मात्रा इतक्या थोड्या दिवसांत किती कामीं आली असेल हें सांगतां येत नाहीं. आली असेल किंवा नसेलहि. लग्नांत तोंडाला फडकें आम्हींहि बांधलें नव्हतें. चौथ्या ठिकाणीं मिळालेली खाट पहिल्या ठिकाणीं मिळती तर काय झालें असतें, तेंहि सांगतां येत नाहीं. जनुक, लस, खाट, विषाणूची मात्रा यांपैकीं कशाचा वांटा किती, हें एका माणसाच्या मृत्यूपुरतें कोणतीहि प्रयोगशाळा वेगळें काढून दाखवूं शकत नाहीं. हजारोंच्या हिशेबांत जें स्पष्ट दिसतें तें एका घरांत अंधुक होतें. सकाळच्या फिरण्याचा वांटा यांत सर्वांत शेवटीं येतो, येत असला तर.

गेल्या दिवाळींत धाडला गेलों तेव्हां त्याचा मुलगा घरीं होता. तो आतां कॉलेजांत आहे. त्यानें आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, “काका, बाबांच्या अंगात जे होतं ते माझ्यातही असेल का?” आम्हीं त्यास सांगितलें कीं, बापाचा अर्धा वांटा मुलांत येतो, बापाच्या एका जोडींतील एकच प्रत सदोष असली तर ती मुलास मिळण्याचा संभव निम्मा, पण त्याच्या बापांत असें कांहीं होतें कीं नाहीं हें कोणी तपासलेलें नाहीं, आणि आतां तपासतां येणार नाहीं. शिवाय सामान्य भेदांहून वयाचें पारडें या रोगांत पुष्कळ जड असतें. त्यानें नीट ऐकून घेतलें. मग म्हणाला, “म्हणजे बाबांचा हलगर्जीपणा नव्हता?” हा शब्द आमचाच होता, तेराव्यास तो ओसरीच्या कोपऱ्यांत बसलेला होता, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

काकू तेथेंच तूर पाखडीत बसली होती. तिला आता ऐकूं कमी येतें, असें घरचे म्हणतात. तिनें सूप खालीं ठेवलें आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “मंग त्या दिवशी तसं काहून बोलला रे तू?”

आम्ही उत्तर जुळवीत होतों, तोंवर तिनें सूप पुन्हां उचललें.